हिवाळ्यातला आंब्याचा वास

आमच्या घरात बाहेरून आलेल्या माणसाला आधी तोंड उघडायला लावायचे, पाणी नंतर द्यायचे. ही पद्धत मी सुरू केली आणि तिचा मला काही वर्षं फार अभिमान होता. आता त्या अभिमानाचं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

पद्धत सुरू झाली ती माझ्या भावामुळे. मी पिंपळगाव राजाच्या शाळेत शिकवते आणि भावाच्या घरी राहते. का राहते, हे इथे महत्त्वाचं नाही. भाऊ माझ्याहून लहान. वांगी, कोबी, कांदा करतो, आणि कॉलेजात असल्यापासून खर्रा खायचा. ज्यांना खर्रा माहीत नाही त्यांचं नशीब चांगलं. सुपारीचा भुगा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून टपरीवाला तो पाटावर घासघासून देतो, आणि आमच्याकडची शहाणीसुरती माणसं ती पुडी गालात धरून दिवसभर मुक्यासारखी हुंकार देत हिंडतात. सुपारीने तोंड आवळत जातं आणि तंबाखू माणसाला सुपारीपासून सुटू देत नाही. अशी ती जोडी आहे.

भावाचं तोंड आवळत गेलं ते आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. आधी त्याला ठेचा झोंबायला लागला. मग तो भाकर कुस्करून खायला लागला. एका लग्नात सगळ्यांसमोर त्याच्या तोंडात गुलाबजाम जाईना, तेव्हा लोक हसले आणि तोही हसला. दातांच्या डॉक्टरांनी त्याला आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाची जातात. त्याचं एक बोट गेलं, तेही कसंबसं. पुढे काय होऊ शकतं तेही डॉक्टरांनी सांगितलं, आणि घरी येईपर्यंत वहिनी बसच्या खिडकीला डोकं टेकून रडत होती.

भावाने त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर हात ठेवून खर्रा सोडला. सोडला म्हणजे खरंच सोडला. त्याचे ते दिवस मी पाहिलेत. कारण नसताना ताट ढकलायचा, अंगणात येरझारा घालायचा, वहिनीवर ओरडायचा आणि मग गोठ्यात जाऊन एकटाच रडायचा. तोंड काही पुन्हा उघडलं नाही, पण पुढे आवळायचं थांबलं. तेव्हापासून मी घरात कायदा केला. जो कुणी गावाबाहेरून येईल त्याने दारात उभं राहून आ करायचा, तीन बोटं घालून दाखवायची आणि मला वास घेऊ द्यायचा. गल्लीतल्या पोरांनी माझं नाव नाकेवाली बाई ठेवलं. मला राग नव्हता. एवढ्याने दोन-चार पोरं टपरीपासून लांब राहिली तर नाव काहीही ठेवा.

भावाची एकच मुलगी. ही सगळी हकीकत तिची आहे.

पोरगी लहानपणापासून पळायची. शेतात डबा पोचवायला पळत, दुकानातून साखर आणायला पळत. बारावीनंतर तिने पोलीस भरतीचं मनावर घेतलं. आमच्याकडे पहाटे रस्त्याने जा, पोरं-पोरी पळताना दिसतील. कुणाला फौजेत जायचं असतं, कुणाला पोलिसात. गावातले काही लोक आधी म्हणाले, पोरीच्या जातीने अर्ध्या चड्डीत कायले पळाव. मग तिने तालुक्याच्या शर्यतीत पोरांना मागे टाकलं, तेव्हा तेच लोक आपल्या पाहुण्यांना बोटाने दाखवायला लागले, ते पाहा, आमच्या गावची पोरगी. दिवाळीनंतर तिला तालुक्याच्या गावी एका भरती अकॅडमीत घातलं. राहायला तिथेच, रविवारी घरी.

ती रविवारी आली की दारात उभी राहायची, हसत आ करायची. दात पांढरेशुभ्र. तीन बोटं सहज जायची. ती मुद्दाम चौथंही घालून दाखवायची आणि बापाकडे पाहायची, आणि बाप त्याच्या मिटलेल्या तोंडाने हसायचा. खर्ऱ्याची खरी शिसारी कुणाला असेल तर तिला होती. टपरीवर कुणी पन्नी घासताना दिसला तरी ती रस्ता बदलायची.

एका रविवारी तिच्या तोंडाला आंब्याचा वास आला. मार्गशीर्षाचा महिना होता, आमच्याकडे आंब्याला मोहोरही आला नव्हता.

"काय वं, आंबा कुठून आनला?" मी म्हटलं.

"चाकलेट हाये आत्या."

"कमी खाय. दात किडतीन."

सगळे हसलो. नाकेवाल्या बाईने तंबाखूचा वास घेतला, चुन्याचा घेतला, गालातले लाल डाग शोधले, सगळं पोरीच्या तोंडात शोधलं, कारण आमच्या गावात व्यसन तोंडात राहतं अशी सगळ्यांची खात्री. ज्याचे दात पांढरे आणि तीन बोटं जातात तो निर्व्यसनी. मुलगा पाहायला येणारे लोकही सोयरिकीआधी मुलाला सुपारी फोडून देतात आणि तो किती तोंड उघडतो ते पाहतात. आम्ही सगळे त्या एका खोलीला कुलूप लावून बसलो होतो आणि चोर परसातून आला.

पौषात तिला सर्दी झाली. रविवारी घरी आली तर चिडलेली. झोप लागत नाही म्हणाली. वहिनीला मिक्सरच्या प्लगला काहीतरी चार्जिंगला लावलेलं दिसलं, बोटाएवढं, केशरी रंगाचं, एका टोकाला निमुळतं.

"हे काय आनलं वं?"

"वाफ घ्याचं मशीन हाये. अकॅडमीतल्या पोरी घेतात. सर्दी मोकळी होते."

आता हे ऐकून कुठल्याही शहाण्या बाईला संशय यायला हवा, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण कोरोनाच्या दिवसांत आमच्या गावात घरोघर वाफेची मशीनं आली होती. शेगडीवर पातेलं, डोक्यावर टॉवेल, आणि ज्यांना जमलं त्यांच्याकडे प्लास्टिकचं मशीन. वाफ म्हणजे औषध हे तेव्हापासून आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नवीन मशीन लहान झालं एवढंच वहिनीला वाटलं. मोबाईल लहान झाला, रेडिओ लहान झाला, तसंच. ती उलट खूश झाली.

"तुह्या बाबाले दे ना जरा. रोज सकायी खोकलतात."

पोरगी गडबडली. नाही नाही म्हणाली. वहिनीने ते प्लगवरून काढून भावाच्या हातात दिलंसुद्धा.

मी तिथेच बसून पेपर तपासत होते. मला ते आजही दिसतं. भाकरीचा तुकडा ज्या तोंडात आडवा जात नाही, चमचा ज्याला वाकडा करून घालावा लागतो, त्या तोंडात ते निमुळतं टोक अलगद बसलं. कुणीतरी माप घेऊन बनवावं तसं. भावाने ओढलं, खोकला, डोळे मोठे झाले. मग त्याने पुन्हा एकदा ओढलं. पोरगी जिन्यात उभी राहून त्याच्याकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा उतरला होता तो मला सर्दीमुळे वाटला.

"बरं वाटलं का?" वहिनीने विचारलं.

"हाव," भाऊ म्हणाला. "मोकळं वाटलं."

त्यानंतर तो रविवारची वाट पाहायला लागला. पोरगी दारात आ करतेय तोवर हा ओसरीवरून विचारायचा, "मशीन आनलं का वं?" वहिनी मला म्हणायची, पाहा ना बाई, लेकीत किती जीव आहे यांचा. पुढे तर त्याच्याजवळच तसलं एक दिसायला लागलं. पोरीने तिचं जुनं दिलं म्हणाला, कफासाठी.

तिकडे अकॅडमीत सरावाची चाचणी झाली आणि पोरगी पळताना अर्ध्यातच बसली. पायात गोळा नाही, चक्कर नाही, नुसती दम लागून मैदानाच्या कडेला बसली. जी पोरगी शेतातून रिकामा डबा घेऊन पळत यायची आणि येऊन वर बोलत राहायची, ती. तिने फोनवर सांगितलं तेव्हा वहिनीने दृष्ट काढायचं ठरवलं.

होळीच्या आधीची गोष्ट. नवा कांदा अजून निघायचा होता, म्हणून कांदाचाळ रिकामी होती. दुपारी भावाला चहाला बोलवायला मी गेले तर तो चाळीच्या मागच्या बाजूला उकिडवा बसलेला. नाकातून पांढरी वाफ निघत होती आणि सगळ्या चाळीला आंब्याचा वास येत होता. तोच वास. मी मार्गशीर्षात हसून सोडलेला.

कफासाठी वाफ घेणारा माणूस भर दुपारी कांदाचाळीच्या मागे लपत नाही. मी त्याच्या हातून ते हिसकावलं. खालच्या बाजूला बारीक इंग्रजीत काही लिहिलं होतं, ते उन्हात धरून वाचलं. निकोटिन. तंबाखूतलं जे माणसाला धरून ठेवतं तेच, पानाशिवाय, चुन्याशिवाय, लाल डागांशिवाय, आंब्याचा वास लावून.

"ह्याच्यात काय हाये ते तुले माहीत हाये का?" मी ओरडलेच.

तो खाली पाहत म्हणाला, "हाव."

"कवापासून?"

"पह्यल्याच दमात समजलं व्हतं, बाई. डोकं गरगरलं, छाती धडधडली. वीस वरीस खर्रा खाल्ला, मले नाही समजनार?"

मला वाटलं माझ्या कानात बिघाड झाला. "मंग पोरीले काऊन नाही बोलला? तिच्या आईले काऊन नाही सांगतलं? मले?"

तो बसल्याबसल्या जमिनीवरची कांद्याची टरफलं गोळा करायला लागला. मग जे बोलला ते मी त्याच्या तोंडून ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

"बोललो असतो तं मशीन बंद झालं असतं."

मी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही, शाळेतही नाही. त्या दिवशी उचलला. त्याने तो चुकवला नाही. एक वाक्य बोलला असता तर पोरगी तेव्हाच सुटली असती. बापाला पोरीचा रोग पहिल्या दमात कळला आणि त्याने तो झाकला, कारण त्याला त्यातला वाटा मिळत होता. आणि हा वाईट माणूस नाही, हे मला जास्त छळतं. पोरगी दोन दिवस तापली तर हा माणूस जेवत नाही. त्याच माणसाकडून तंबाखूने हे करून घेतलं. लोक म्हणतात व्यसनाने फुप्फुस जातं, काळीज जातं. ते जाईल तेव्हा जाईल. त्याआधी माणसाची लाज जाते, आणि ती कुठल्या फोटोत दिसत नाही.

पोरीला मी बसस्टँडवरच गाठलं. ती रडली नाही, भांडली.

"आत्या, ह्याच्यात तंबाखू नाही! मी इचारलं व्हतं. दुकानवाल्याले आधी तेच इचारलं. तो म्हने फ्लेवर हाये, पान्याची वाफ हाये. सीनियर पोरी म्हनल्या भूक लागत नाही, वजन कमी राहते, सकायी झोप उडते."

तिने विचारलं होतं. बापाचं मिटलेलं तोंड पाहत मोठी झालेली पोरगी दुकानात उभी राहून विचारते, ह्यात तंबाखू आहे का, आणि समोरचा तिच्या डोळ्यांत पाहून नाही म्हणतो. त्याचं बोलणं वकिलासारखं खरंही आहे. तंबाखूचं पान नाहीच त्यात. निकोटिन आहे, आणि ते तिने विचारलं नव्हतं, कारण आमच्याकडे त्याला वेगळं नाव आहे हे कुणी शिकवलंच नव्हतं.

मी त्या दुकानात गेले. मोबाईलची कव्हरं, इयरफोन, काचेवर चिकटवायचे कागद. पोरगेला माणूस, कपाळाला गंध. "असलं काई ठेवतच नाही मॅडम, बंदी हाये त्याच्यावर." बंदी आहेच. ई-सिगारेटवर देशभर आहे, कायदा आहे. गुटख्यालाही बंदी आहे, आणि टपरीवर माळा लटकतात त्या बंदीच्याच. मी काउंटरवर भावाकडचं मशीन आपटलं आणि मोठ्या आवाजात विचारलं की हे तुझ्याकडून पोरी नेतात की नाही. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी माझ्याकडे असं पाहिलं की वेडी मीच आहे. तो हसून म्हणाला, "मॅडम, पेनड्राइव हाये ते." पोलिसांत तक्रार दिली. चार दिवस त्याचं शटर खाली होतं. मग वर गेलं.

अकॅडमीच्या सरांकडे गेले. सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "निदान खर्रा तर खात नाहीत ना मॅडम पोरी." घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, निदान दारू तर नाही. भाऊ त्याआधी म्हणालाच होता, निदान ह्यानं तोंड तं आवयत नाही. या एका शब्दाचा मला आता इतका राग येतो की वर्गात कुणा पोराने निबंधात निदान लिहिलं की माझा पेन थांबतो. एका विषाच्या शेजारी दुसरं ठेवायचं आणि दुसऱ्याला दूध म्हणायचं, हे आम्हाला छान जमतं.

पोरीला आणि तिच्या बापाला दोघांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रागावल्या नाहीत, त्यामुळे मलाच रागवायला जागा उरली नाही. त्यांनी पोरीला समजेल असं सांगितलं. निकोटिन रक्तात गेलं की काळीज जोरात पळायला लागतं, रक्ताच्या नळ्या आवळतात. तू खुर्चीत बसलेली असतेस आणि तुझं काळीज मैदानावर पळत असतं. मग मैदानावर गेल्यावर ते दमलेलंच असतं. आणि तुझ्या वयात मेंदूला याची सवय फार पटकन लागते, सुटायला फार वेळ घेते. वाफेने फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला इजा होते ती वेगळी. भावाला त्यांनी वेगळं बसवून बरंच काही सांगितलं. त्याने बाहेर येऊन आम्हा तिघींसमोर पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. बैल विकून टाकले होते तोवर.

पोरीने घरी राहून सोडलं ते आम्ही पाहिलं. बापाने पोळ्यानंतर जे केलं तेच तिने केलं, ताट ढकललं, भांडली, डोकं धरून बसली. डॉक्टरीणबाईंनी सवय सुटायला दिलेलं च्युइंगगम चघळत अंगणात फिरायची. वैशाखात वहिनीने पहिला आमरस केला. पोरीने वाटी जवळ ओढली, वास घेतला आणि ताटावरून उठून मोरीत जाऊन ओकली. वर्षाचा पहिला आंबा होता आणि आम्ही कुणी तो खाऊ शकलो नाही. आमच्या पोरीच्या जिभेवरून ते विकणाऱ्यांनी आंबासुद्धा काढून नेला.

तोंड पाहायची पद्धत तिनेच मोडली. एका सकाळी ती पळून आली, मी सवयीने म्हटलं आ कर.

"तोंडात काय पाह्यतं आत्या? इथं कान लाव." तिने माझं डोकं धरून आपल्या छातीवर टेकवलं.

तेव्हापासून घरात हेच चालतं. ती आधी गप्प बसून राहते, मी कान लावते. मग ती फाट्यापर्यंत पळून येते, मी पुन्हा लावते. पहिल्या महिन्यात दोन्ही वेळा सारखीच धडधड असायची आणि सोबत एक बारीक शिट्टी. हळूहळू बसलेली छाती शांत व्हायला लागली. आता बसली असताना कान लावला की मला काही वेळ वाट पाहावी लागते, मग एक ठोका, मग निवांत पुढचा. शिट्टी गेली. भरतीच्या ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख कधीही लागेल. या वेळी पोरगी अर्ध्यात बसायची नाही, असं मला वाटतं, आणि तिलाही वाटतं.

परवा संध्याकाळी ओसरीवर आमचं हेच चाललं होतं. ती पळून आली होती, मी कान लावून बसले होते, वहिनी भाजी निवडत होती. भाऊ दुपारपासून खाटेवर बसलेला, पेपर वाचत. फार दिवसांनी त्याने थट्टा केली.

"आमच्याही छातीले लावा ना कोनी कान."

माझं त्याच्याशी कामापुरतंच बोलणं आहे. पोरगी हसत उठली, खाटेशी गुडघे टेकून बसली आणि बापाच्या बनियनवर कान ठेवला. तोही हसत होता. तिचं हसू आधी गेलं. ती कान न उचलता तशीच राहिली, खूप वेळ, आणि मग डोकं वर करून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी तं दुपारपासून बसूनच आहा ना?"